जुन्या आरएक्स १००ला नवं हँडल कोणतं घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९३ची यामाहा आरएक्स १०० आहे. २०१९च्या पुरात ती सांगलीत पाण्याखाली गेली होती, नंतर इंजिन उघडून चालू केली. मध्यंतरी ती घसरून पडली आणि तेव्हापासून गाडी सरळ जात असतानाही हँडल डावीकडे वळलेलं दिसतं. क्रोमही उडालाय. वडील अजून रोज तासगावला बागेत जाऊन येतात आणि घरी आले की उजवा खांदा दुखतो म्हणतात. दुकानात तुम्हाला चार तऱ्हेची हँडलं दाखवली: मूळ आकाराचं, बुटकं सरळ, उंच आणि जाड ॲल्युमिनियमचं. तुमचं मन बुटक्यावर आहे, वडिलांना 'होतं तसंच' पाहिजे.

माझं उत्तर वडिलांच्या बाजूचं आहे. मूळ आकाराचं, २२ मिलिमीटर जाडीचं, लोखंडी क्रोमचं हँडल घ्या. उंची, रुंदी आणि मागचा बाक (टोकं माणसाकडे किती मागे येतात ते) जुन्यापेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त इकडेतिकडे जाऊ देऊ नका. कारण हँडल बदललं की नुसतं हँडल बदलत नाही. क्लच वायर, रेस वायर (मूठ पिळून इंजिनाचा वेग वाढवणारी), पुढच्या ब्रेकची वायर, दोन्हीकडची बटणं, आरसे हे सगळं त्याला लटकलेलं असतं. त्याच्या खाली टाकी असते आणि मागे माणूस बसलेला असतो. कंपनीने या सगळ्यांची मापं एकमेकांना जुळवून ते हँडल वाकवलेलं असतं. त्यापासून दोन-तीन इंच लांब गेलात की एकेक करत बाकीचं सगळं बदलावं लागतं. ते बदलायची तयारी असेल तर खुशाल वेगळं हँडल घाला. रोजच्या गाडीला मात्र मी तो सल्ला देणार नाही.

पण दुकानात जायच्या आधी हँडल खरंच वाकलंय का ते बघा. माझ्या गॅरेजला 'हँडल वाकलंय' म्हणून येणाऱ्या पडलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं हँडल सरळ असतं. आत टी, म्हणजे पुढचे दोन शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) धरून ठेवणारा आडवा भाग, फिरलेला असतो. गाडी आडवी पडते तेव्हा चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे रेटलं जातं, आणि शॉकपच्या नळ्या टीच्या पकडीत थोड्या सरकतात. लोखंड कुठेच वाकलेलं नसतं, तरी हँडल तिरकं दिसतं. अशा गाडीला नवं हँडल घातलं तर तेही तिरकंच दिसणार.

ओळखायचं कसं? गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक डोळ्याने सरळ करा. मागच्या दिव्याच्या मधल्या बोल्टला सुतळी बांधा. ती आधी वरच्या टीच्या डाव्या कडेपर्यंत ताणा, मग उजव्या कडेपर्यंत. दोन्हीकडची लांबी वेगळी आली तर टी फिरलाय. टी बरोबर असेल तर तीच सुतळी हँडलच्या दोन्ही टोकांना लावून बघा. इथे फरक आला तर हँडल वाकलंय. दोन्ही ठिकाणी फरक असू शकतो, तेव्हा पहिल्या मापावर थांबू नका.

टी फिरलेला असेल तर पुढचा एक्सल, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे पकडबोल्ट आणि शॉकपचे वरचे बोल्ट ढिले करा. काढायचे नाहीत, फक्त ढिले. चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडलला हळू हिसका द्या, सरळ होतं. मग शॉकप दोन-चार वेळा दाबून बसू द्या, टीचे बोल्ट आवळा आणि एक्सल सगळ्यात शेवटी. एवढं करूनही सुतळी जुळली नाही तर शॉकपची नळीच वाकलेली असू शकते. ती लेथवाल्याकडून तपासून घ्या.

त्याच वेळी कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंगही बघा. पुढचं चाक जमिनीपासून सुटलेलं असताना हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर छर्ऱ्यांनी कपात खड्डे पाडलेत. पुरात बुडालेल्या गाडीत हे फार दिसतं, कारण ग्रीस धुऊन जातं आणि गाळ आत राहतो. अशी गाडी सरळ चालवायला सतत बारीक जोर लावावा लागतो आणि तो खांद्यावर येतो. वडिलांचं दुखणं डॉक्टरांना दाखवाच, पण तिरकं हँडल आणि खाच पडलेले कोन या दोन गोष्टी आधी गाडीतून काढा. तिरक्या हँडलला एक हात कायम पुढे आणि एक मागे राहतो. रोज तासगावची जा-ये तशा बसणीत केली तर धडधाकट माणसाचाही खांदा धरेल.

तुमच्या गाडीत हँडल वाकलेलं नसलं तरी एका कारणाने मी ते बदलाच म्हणेन: पुराचं पाणी. हँडल म्हणजे पोकळ नळी. बाहेरून क्रोम असतो, आतून कोरं लोखंड. पाणी आणि गाळ टोकांतून आत जातो आणि बाहेर यायला वाट नसते, कारण डावीकडची ग्रिप बंद टोकाची असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांतल्या गाड्या मी उघडल्यात. डावी ग्रिप कापून काढली की नळीच्या तोंडाशी वाळलेला, विटकरी रंगाचा गाळ दिसतो. हँडल उभं धरून हातोडीच्या दांड्याने टकटक केलं की तो पापुद्र्यांसकट खाली पडतो. त्यातल्या काळ्या-लाल पापुद्र्यांत हँडलचंच लोखंड असतं. बाहेरून क्रोम चकचकीत आणि आतून भिंत अर्धी खाल्लेली, असं हँडल नेमकं पकडीच्या (टीवर ते मधोमध आवळलेलं असतं त्या जागेच्या) कडेला किंवा पहिल्या बाकाशी तुटतं, आणि तेही ब्रेक मारताना, कारण तेव्हाच सगळं वजन हातावर येतं. म्हणून बुडालेल्या गाडीचं मूळ हँडल जपून ठेवा, पण गाडीवर ठेवू नका.

वाकलेलं हँडल गॅसवर तापवून सरळ करून देणारे आपल्याकडे आहेत. करून घेऊ नका. तापवलेल्या जागी लोखंड मऊ पडतं, क्रोम तडकतो आणि त्या तड्यांतून गंज शिरतो. थंडच वाकवून सरळ केलं तरी तीच जागा दुसऱ्यांदा वाकायला तयार होते. ॲल्युमिनियमचं असेल तर सरळ करायचा विचारही नको. लोखंड तुटण्याआधी बहुतेक वेळा वाकून सांगतं, ॲल्युमिनियम न सांगता तुटतं. वेल्डिंग केलेलं हँडल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता मापं. जुनं हँडल काढायच्या आधी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घेऊन बाजूने फोटो काढा, शक्यतो शेजारी ओळंबा धरून. ओळंब्याचं कारण असं की तेच हँडल पकडीत थोडं पुढेमागे फिरवलं तरी उंची आणि मागचा बाक दोन्ही बदलतात. ते कोणत्या कोनात बसलेलं होतं हे माहीत नसेल तर बाकीच्या मापांना अर्थ राहत नाही.

मग हँडल काढून कडप्प्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला ओटा यासाठी उत्तम. खाली जुनी चादर घाला म्हणजे घरात बोलणी बसणार नाहीत. टोकापासून टोकापर्यंतची रुंदी घ्या. पकडीचा मधला भाग फरशीला टेकवून टोकं किती वर उचललेली आहेत ते मोजा. हँडल आडवं ठेवून दोन्ही टोकांना एक सरळ पट्टी लावा आणि पट्टीपासून मधल्या भागापर्यंतचं अंतर घ्या, तो मागचा बाक. मधला सरळ भाग किती लांब आहे आणि त्यावरचे खरखरीत आटे कुठून कुठपर्यंत आहेत ते लिहा. हँडल वाकलेलं असेल तर रुंदीसाठी चांगल्या बाजूचं अर्धं माप घेऊन दुप्पट करा.

एक माप जवळजवळ सगळे विसरतात: टोकाकडच्या सरळ भागाची लांबी, म्हणजे ग्रिप सुरू होते तिथपासून पहिल्या बाकापर्यंत. या तेवढ्या जागेत ग्रिप, बटणांची डबी आणि लिवरची पकड बसायची असते. बाजारातल्या कितीतरी बुटक्या हँडलांत बाक लवकर सुरू होतो. मग लिवरची पकड बाकावर चढते, तिथे ती नीट आवळली जात नाही आणि लिवर बोटांपासून लांब जातं. घरी जुन्या हँडलवर हे अंतर मोजा, कागदावर लिहा आणि दुकानात टेप घेऊन जा. दुकानदार म्हणेल, 'आरएक्स १३५चं आहे, तुमच्या गाडीला बसतंय'. बसेलही. तरी टेप लावा.

जाडीबद्दल दोन शब्द. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या हँडलची नळी बहुतेक करून २२ मिलिमीटरची, इंचात ७/८. मोठ्या परदेशी क्रूझर गाड्यांना १ इंचाची असते. 'फॅट बार' म्हणून मिळतं ते मध्ये २८.६ मिलिमीटर आणि टोकाकडे बारीक होत २२. ते तुमच्या पकडीत बसत नाही. वेगळ्या पकडी लावाव्या लागतात, त्यांनी हँडल आणखी वर जातं. शिवाय बारीक झालेला सरळ भाग आखूड असतो, म्हणजे पुन्हा बटणं आणि लिवरच्या जागेची मारामारी. उड्या मारायच्या गाडीला त्या हँडलचा उपयोग आहे. शंभर सीसीच्या हलक्या गाडीला आणि डांबरी रस्त्याला ते लागत नाही.

बुटक्या हँडलबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमचं मन तिथे आहे. ते दिसतं छान, यात वाद नाही. आरएक्सच्या निमुळत्या टाकीवर तर फारच. पण शर्यतीच्या गाडीत हँडल खाली असतं तेव्हा पायठेवणीही मागे आणि वर असते. माणूस पुढे वाकला की त्याचं वजन पायांवर आणि मांड्यांवर वाटलं जातं, आणि वेग वाढला की वारा छातीला उचलून धरतो. तुमच्या गाडीची पायठेवणी आहे तिथेच राहणार. सांगलीतल्या विश्रामबागेच्या गर्दीत तीस-चाळीसच्या वेगाला वारा काही छाती धरत नाही. मग वरच्या धडाचं सगळं वजन दोन मनगटांवर येतं. प्रत्येक खड्ड्याचा दणका मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. ज्यांचा खांदा आधीच दुखतोय त्यांच्या गाडीला हे हँडल लावायचं नाही, एवढं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण टाकीची. हँडल पूर्ण वळवल्यावर लिवर आणि टाकी यांच्यात बोटं सापडता कामा नयेत. बुटक्या हँडलला गाडी अंगणात वळवताना अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये चेपतो. जरा जोरात वळलं की टाकीला पोचा पडतो. दुकानातून हँडल आणलंत तर पूर्ण आवळण्याआधी दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा आणि मूठ धरलेला हात मध्ये मोकळा राहतो का ते तपासा. राहत नसेल तर परत करा. काही जण चाकाचा स्टॉपर वाढवून वळणच कमी करतात. तसं केलेली गाडी घाटातल्या आखूड वळणावर पुरेशी वळत नाही आणि पाय टेकवावा लागतो. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात समोरून एसटी येत असताना तसं होऊ नये.

उंच हँडलाचा त्रास वेगळा. हात वर गेले की छाती वाऱ्याला उघडी पडते आणि माणूस ग्रिपला धरून लोंबकळतो. मागच्या कॅरिअरवर द्राक्षाच्या पेट्या किंवा दुधाचे कॅन असतील तर पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं. त्यावर वाऱ्याने मागे ओढलेला माणूस उंच, रुंद हँडल हलवत बसला की पुढचं चाक थरथरायला लागतं. बागेतल्या कामाच्या गाडीला ते नको. मात्र वडिलांना पुढे वाकावं लागतंय असं खरंच वाटत असेल तर मागचा बाक अर्धा इंच जास्त असलेलं हँडल चालेल. ते बसवून त्यांना गाडीवर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि हात सहज पुढे न्यायला सांगा. हात ग्रिपवर आपोआप पडले, कोपर थोडे वाकलेले राहिले, मनगट सरळ राहिलं की माप बरोबर आहे. तुमच्या मापाने बघू नका. रोज चालवणार ते.

आता वायरींकडे येऊ, कारण आरएक्समध्ये यांचा एक खास भाग आहे. मुठीतून निघालेली रेस वायर पुढे एका जोडात शिरते आणि तिथून तिच्या दोन होतात, एक कार्बोरेटरला, दुसरी टू-टी ऑइलच्या (टू-स्ट्रोक इंजिनाला लागणाऱ्या ऑइलच्या) पंपाला. मूठ जेवढी पिळाल तेवढं पेट्रोल वाढतं आणि त्याच हिशोबाने ऑइलही वाढतं. हँडल उंच किंवा रुंद केलं की ही वायर ताणली जाते. मग मेकॅनिक ॲडजस्टर फिरवून कार्बोरेटरकडची मोकळीक लावतो, गाडी छान चालू होते आणि पंपाकडे कुणी बघत नाही. पंपाचं माप मागे राहिलं तर लांब पल्ल्यावर, इंजिन तापलेलं असताना ऑइल कमी पडतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो. एका हँडलपायी अख्खं बोअर करायची (सिलिंडर आतून कापून मोठा करायची) पाळी आलेली गाडी मी खोललीय. त्यामुळे हँडल कोणतंही घाला, रेस वायरला हात लागला की पंपाच्या पुलीवरची खूण आणि पिन जुळते का हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. तुमच्या गाडीचा पंप आधीच काढून टाकलेला असेल आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल, तर हा भाग सोडून द्या.

वायर पुरते की नाही हे बघायची रीत सोपी आहे. इंजिन चालू करून रेस खाली बसू द्या आणि हँडल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज जरासुद्धा बदलला तर रेस वायर ताणली जातेय. ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. वळणावर मूठ न पिळता रेस वाढणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मुठीची मोकळी चाल दोन-पाच मिलिमीटर राहू द्या. क्लचच्या लिवरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळीक हवी, आणि ती हँडल सरळ असताना आणि दोन्हीकडे पूर्ण वळलेलं असताना सारखीच असायला हवी. वायर कुठे टोकदार वाकतेय का तेही बघा. तशी वाकलेली क्लच वायर जड ओढते आणि लिवरमध्ये अडकवलेल्या टोकाच्या गोळीपाशी तिचा एकेक तार तुटत जातो.

वायर कमी पडली तर लांब वायर घ्या. जुन्या वायरीला जोड मारू नका. वायर मापाने बनवून देणारे कारागीर आपल्या भागात चांगले आहेत आणि क्लचसाठी मी त्यांच्याकडून घेतोही, पण पुढच्या ब्रेकला कंपनीची तयार वायरच घालतो. मूळ आकाराचं हँडल घेतलंत तर यातलं काहीच लागणार नाही, जुन्या वायरी जशाच्या तशा बसतील. तरी त्या पुरातून निघालेल्या आहेत. हँडल उघडलंच आहे तर तिन्ही वायरी नव्या टाका.

हँडल हातात घेतल्यावर चांगलं-वाईट कसं ओळखायचं? आधी वजन बघा. एकाच आकाराची दोन हँडलं दोन हातांत घेतली की फरक लगेच कळतो; हलकं लागतं ते बहुतेक वेळा पातळ नळीचं. टोकातून आत बघा, भिंतीची जाडी दिसते. मग बाकांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. तिथे सुरकुत्या लागल्या तर नळी नीट न भरता वाकवलेली आहे. ती जागा कमजोर. क्रोमवर बारीक पुटकुळ्या असतील तर खाली गंज सुरू झालाय, दुकानातच. शेवटी काचेच्या काउंटरवर ठेवून डोलतंय का बघा. नवं हँडलही वाकडं असू शकतं. ट्रान्सपोर्टमध्ये गठ्ठे फेकले जातात. स्टीलचं आहे म्हणून ॲल्युमिनियम किंवा उलट कुणी देत असेल तर चुंबक लावा. मात्र ३०४ नंबरच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरत नाही, हे लक्षात असू द्या.

बसवताना पकडीच्या टोप्या नीट बघा. काहींवर ठिपका किंवा बाण असतो, तो पुढच्या बाजूला येतो. अशा टोपीचा पुढचा बोल्ट आधी पूर्ण आवळायचा आणि मग मागचा, फट राहिली तर मागे. खूण नसेल तर पुढची आणि मागची फट सारखी ठेवून चारही बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळा. आठ एमएमचे बोल्ट साधारण २० ते २५ न्यूटन मीटरला बस होतात. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नसेल तर आखूड पाना वापरा. लांब पाइप घालून आवळलं की टीतले आटे जातात आणि मग खर्च हँडलच्या कितीतरी पट. हँडल पकडीत सरकतंय म्हणून मध्ये पत्र्याचे तुकडे किंवा पॉलिश पेपर घालणारे पाहिलेत. टोप्या झिजल्या असतील तर टोप्या बदला. अचानक ब्रेक मारल्यावर हँडल पुढे फिरलं तर माणूस टाकीवरून पुढे जातो.

बटणांच्या डबीत आतून एक छोटी पिन असते का ते पाहा. असेल तर जुन्या हँडलला त्यासाठी भोक असेल. नव्याला नसेल तर डबी आणि लिवर वडिलांच्या बोटांना सोयीच्या जागी धरून खूण करा आणि मगच पिनेएवढं भोक पाडा. लोखंडी हँडलला टोकाजवळ एवढं भोक चालतं. पकडीजवळ आणि बाकावर कधीच नाही, ॲल्युमिनियमला तर कुठेच नको. पिन घासून टाकून डबी नुसती आवळण्याचा उपाय टिकत नाही. हॉर्न दाबताना डबी फिरते आणि आतली वायर तुटते. आरसे बसवताना सांभाळून: यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलात तर लिवरची पकडच जाईल.

उजव्या टोकाला रेसची नळी मोकळी फिरली पाहिजे. हँडल तिच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेलं असावं, नाहीतर टोकाचं वजन किंवा ग्रिपचं तोंड घासतं आणि सोडलेली मूठ परत येत नाही. डावी ग्रिप बसवताना ऑइल-ग्रीस लावू नका, साबणाच्या पाण्याने सरकवा आणि रात्रभर वाळू द्या.

कायद्याचं सांगायचं तर मूळ आकाराचं हँडल बदलणं म्हणजे दुरुस्ती, त्याला कुणी हरकत घेत नाही. गाडीचं रूप बदलणाऱ्या बदलांची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तुमची गाडी १९९३ची, म्हणजे पंधरा वर्षं २००८ला संपली आणि तिथून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पुढच्या वेळी आरटीओत गाडी तपासणीला उभी राहील तेव्हा आरसे, इंडिकेटर आणि हँडल जागच्या जागी असलेलं बरं.

हेच प्रश्न जुन्या बुलेटवाल्यांना आणि डिस्क ब्रेकच्या गाड्यांना पडतात म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या बुलेटचं हँडल ज्या ओतीव डोक्यावर आवळलेलं असतं त्यातच हेडलाइट, स्पीडोमीटर आणि ॲम्पीअर मीटर बसलेले असतात. तिथे शॉकपच्या नळीवर आवळायची वेगळी हँडलं सहज बसत नाहीत आणि फार बुटकं हँडल मीटरवर येतं. डिस्कच्या गाडीत वायरऐवजी ऑइलचा होज (रबरी नळी) असतो. हँडल उंच केलं तर होजही लांब लागतो, जोडाचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे, हवा काढायची आणि ऑइलची डबी आडव्या रेषेत राहील असं लिवर बसवायचं.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा लावेन: आधी सुतळी आणि कोन, मग वायरी, मग मूळ आकाराचं हँडल आणि शेवटी पंपाची खूण. पहिल्या दिवशी वडिलांना तासगावला लगेच पाठवू नका. गल्लीत चार चकरा मारायला सांगा आणि लिवर खाली-वर करून त्यांच्या बोटांना लावून द्या. मनगट सरळ ठेवून बोटं लिवरवर टाकली की ती खाली झुकलेली राहायला हवीत, लिवर वर उचललेलं असेल तर मनगट मोडतं. पुढच्या आठवड्यात चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा आणि क्लचची मोकळीक परत लावा, कारण नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी ताणली जाते. त्यानंतरही खांदा दुखतच असेल तर गाडी घेऊन या, वडिलांनाही सोबत आणा. त्यांना गाडीवर बसवल्याशिवाय पुढचं माप सांगता येणार नाही.